काळजी घेतली जाईल

(समजा, तुमचं वय दहा आहे. सकाळची शाळा सुटली आहे, दप्तर पाठीवर आहे, आणि घरी जायचं सोडून तुम्ही कसबा पेठेतल्या एका लाँड्रीत उभे आहात. काउंटर तुमच्या नाकापर्यंत येतो. काउंटरपलीकडे चष्मा कपाळावर चढवलेले मालक तात्याराव आहेत आणि मागच्या टेबलावर पन्नाशीचा समाधान इस्त्री फिरवतो आहे. घेतलंत समजून? मग आता तुमचं नाव स्पृहा. बोलणं आधीच सुरू झालं आहे.)

तात्याराव: अगं, पण काय आणलं आहेस ते काउंटरवर ठेवशील की नाही? हातात तर काही दिसत नाही.

स्पृहा: ती काउंटरवर ठेवता येत नाही.

तात्याराव: चादर आहे का? गाठोडं बाहेर ठेवलंस?

स्पृहा: चादर नाही. काळजी आहे.

तात्याराव: कसली काय आहे?

स्पृहा: काळजी. तुमच्याकडे घेतात ना?

तात्याराव: आमच्याकडे शर्ट घेतात, पँट घेतात, साडी घेतात. काळजी घेतात हे तुला कोणी सांगितलं?

स्पृहा: तुम्हीच. बाहेर लिहिलंय, ‘योग्य ती काळजी घेतली जाईल.’ मी आधी घरी विचार केला, आपली योग्य आहे का. आहे योग्य.

समाधान: तात्या, त्यो नवा मीटर. लाइटवाल्यांनी पाटीवरच ठोकलाय. वरली वळ झाकली.

तात्याराव: कुठली ओळ?

समाधान: ‘आपल्या कपड्यांची.’ आता खालचं तेवढंच दिसतंय. म्हनून तर परवा ती बाई आल्ती. सासूला दिवसभर हितं बसवू का म्हनत व्हती.

तात्याराव: आणि हे तू मला आज सांगतोस.

समाधान: तवा तुमी झोपला व्हता. एक ते चार.

तात्याराव: हे बघ बाळ, चूक मीटरची आहे. काळजी आम्ही घेत नाही. म्हणजे घेतो, पण कपड्यांची. आणि एकला दुकान बंद होतं. सात मिनिटं राहिली आहेत.

स्पृहा: सात मिनिटांत होईल. मी पाठ करून आलेय.

तात्याराव: ऐकलंस का मी काय म्हणालो?

स्पृहा: हो. पण पाटीवर लिहिलंय.

समाधान: घ्या की तात्या. पोर दप्तर घिऊन हुबी हाय. काय जागा लागतीय व्हय काळजीला.

तात्याराव: जागाच लागते तिला, बाकी काही लागत नाही. बरं. घ्यायचीच तर नियमाने घेऊ. ते पावतीपुस्तक इकडे दे. हं. नाव?

स्पृहा: स्पृहा माधव.

तात्याराव: माल?

स्पृहा: काळजी.

तात्याराव: नग?

स्पृहा: एकच आहे, पण मोठी आहे.

तात्याराव: ओली की कोरडी?

स्पृहा: दिवसा कोरडी असते.

तात्याराव: ...बरं. कधीपासून आहे?

स्पृहा: तीन आठवडे. बाबा पलंगावर बसलाय तेव्हापासून. बाबाचं काम म्हणजे पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका काढायच्या. वेलांट्या, उकार, सगळं. एका संस्थेला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी जाड स्मरणिका काढली. साडेतीनशे पानं बाबाने तपासली. आत एकही चूक नाही. पण मुखपृष्ठावर ‘वर्धापन दिन’ लिहायचं होतं ना, तिथे ‘दीन’ छापून आलं. दुसरी वेलांटी.

समाधान: त्यानं काय हुतंय?

तात्याराव: दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे बिचारा. संस्थेला पन्नास वर्षं झाली आणि ती बिचारी झाली, असा अर्थ होतो.

स्पृहा: सगळे हसले. स्टेजवर पण हसले. मग बाबा घरी आला आणि बसला. आता प्रेसमध्ये जात नाही, खाली उतरत नाही, पंधरा दिवस एकाच शर्टात आहे. आई त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली होती. त्या म्हणाल्या, वेलांटी हे निमित्त, दमलेला तो आधीपासूनच होता. गोळ्या दिल्यात. आणि म्हणाल्या की रोज सकाळी उन्हात चालायचं, वेळेवर जेवायचं, माणसांशी बोलायचं. बाबा रोज म्हणतो, उद्यापासून.

तात्याराव: आणि तू?

स्पृहा: मी बघत बसते. आई ऑफिसला जाते, म्हणून शाळेतून आल्यावर मी बघते. खाली खेळायला गेले आणि तेवढ्यात तो उठला तर? मग मला कळणार कसं? म्हणून मी जातच नाही. पण चाचणी परीक्षा आलीय आणि काळजी ठेवायला घरात जागा नाही. आई म्हणते, माझ्याच दोन आहेत.

तात्याराव: समाधान, तो बेचाळीस नंबरचा निळा शर्ट दे. हं, घाल बघू हा.

स्पृहा: युनिफॉर्मवर?

तात्याराव: घाल. आता हात दाखव.

स्पृहा: हात बाहीत आहेत. दिसत नाहीयेत.

तात्याराव: चालून दाखव दोन पावलं.

स्पृहा: पायात येतोय. मी पडेन.

तात्याराव: तेच सांगतोय. माल तुझ्या मापाचा नाही. बापाच्या मापाची काळजी अंगात घालून तू तीन आठवडे पुण्यात हिंडते आहेस. पडली नाहीस हेच नवल. काढ तो शर्ट, गिऱ्हाइकाचा आहे.

स्पृहा: म्हणजे घेणार नाही का?

तात्याराव: दुसऱ्याचा माल आम्ही परस्पर घेत नाही. आता आणलीच आहेस तर तात्पुरती ठेवून घेतो. पण मालकाने स्वतः येऊन ओळख पटवायला हवी. थांब, लिहून देतो. हे घे, बापाला वाचायला दे.

स्पृहा: काका, ‘काळजी’ची जी दीर्घ असते.

तात्याराव: मला माहीत आहे.

स्पृहा: तुम्ही ऱ्हस्व काढलीय. आणि हे ‘सकाळि’ पण.

तात्याराव: मोजून काढली आहेत. गुपचूप घेऊन जा. आणि एक ऐक. एक ते चार हे दुकान बंद असतं, तसंच काळजीचंही ठेवायचं. संध्याकाळी पाच ते सव्वापाच तुझी वेळ. तेवढ्यात जी काय करायची ती काळजी कर. मधे आली, तर सांगायचं, बंद आहे.

स्पृहा: तिने नाही ऐकलं तर?

तात्याराव: मी गिऱ्हाइकाशी बोलतो तसं बोल. तिला अपमान वाटला पाहिजे.

*

तात्याराव: आलीस? साडेपाच वाजले. पावती कुठे आहे?

स्पृहा: ही घ्या. बाबाने परत पाठवलीय.

समाधान: आयला. तांबडी भडक झाली की सारी.

स्पृहा: काल मी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने वाचली आणि उशीखाली घातली. मग जेवताना एकदम म्हणाला, हे कोणी लिहिलंय? मी म्हटलं, लाँड्रीवाल्या तात्याराव काकांनी. तो म्हणाला, हा माणूस शाळेत गेला होता का? मग त्याने लाल पेन मागितलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं. आईला इतका आनंद झाला की तिने तीन पेनं आणली.

तात्याराव: काय म्हणतोय?

स्पृहा: सात चुका आहेत म्हणतोय.

तात्याराव: पाच. मी पाचच केल्या होत्या. काळजि, पटवावि, सकाळि, नाहि, आणि स्वतःचा विसर्ग खाल्ला होता.

स्पृहा: ‘उशिर झाल्यास’ लिहिलंय तुम्ही. आणि ‘गिऱ्हाइक’.

तात्याराव: मग?

स्पृहा: उशीर दीर्घ असतो. आणि ते गिऱ्हाईक असतं. ‘गिऱ्हाइकाला’ म्हणताना ऱ्हस्व होतं, नुसतं असलं की दीर्घ.

तात्याराव: चाळीस वर्षं मी उशीर ऱ्हस्व लिहितोय.

स्पृहा: बाबा म्हणाला, त्यांना सांग, पुण्यातला उशीर तर नक्कीच दीर्घ असतो.

समाधान: तात्या, बोलला की मानूस. इनोद केला.

तात्याराव: माझ्यावर केला. पण मालक आला नाही. घरबसल्या दुरुस्त करून पाठवून दिली. पावती घरी नेता येते, ही आपली चूक झाली. समाधान, माळ्यावरचा फळा काढ. तो दारात ठेवू. फळा काही त्याला घरी नेता यायचा नाही.

समाधान: फळ्यावर काय लिवनार?

तात्याराव: काय लिहायचं त्यात. ‘आमच्याकडे सर्व प्रकारचे कपडे धूऊन मिळतिल.’ आणि तू गं, काळजीची वेळ पाळलीस का?

स्पृहा: ती गणिताच्या तासाला आली. मी म्हटलं, बंद आहे. ती म्हणाली, अर्जंट आहे.

तात्याराव: सगळ्यांचंच अर्जंट असतं.

स्पृहा: मी तेच म्हटलं. मग म्हटलं, पाटी वाचता येत नाही का? मग ती वर्गाबाहेर थांबली. मला खिडकीतून दिसत होती, पण आत नाही आली. पाच वाजता मात्र बरोबर आली.

तात्याराव: मग?

स्पृहा: सात मिनिटांत संपली. उरलेल्या आठ मिनिटांत काय करायचं ते आम्हा दोघींनाही कळेना.

*

स्पृहा: काका, आज शुक्रवार. शाळेत जाताना बघितलं, फळ्यापुढे एवढी माणसं का होती?

तात्याराव: मलाच विचार. मी एका माणसासाठी फळा लावला, आणि सगळं शहर लोटलं. मंगळवारी दोन जण थांबले. बुधवारी अकरा. काल मी मोजणं सोडलं. आठ ते नऊ उन्हात उभे राहतात आणि भांडतात.

समाधान: नारायन पेठेतली एक बाई पिशवीत शब्दकोश घिऊन येती. आन् ते रिटायर सायेब, काठीवाले, ते म्हनं दोन वर्षं जिना उतरले नव्हते. त्यांच्या सूनबाई येऊन तात्यांच्या पाया पडल्या.

तात्याराव: मी म्हटलं, पाया पडू नका, एखादी चादर टाका. नाही टाकली. शंभर माणसं दारात येतात आणि एक रुमाल धुवायला मिळत नाही.

समाधान: वारज्याहून एक गडी आला. माज्या गावचाच निघाला. बस बदलली त्यानं स्वारगेटला, एका अनुस्वारासाटी. म्हनला, मोबाइलवर फळ्याचा फोटू आला, तवापासून झोप न्हाई. त्यानं टिंब दिलं आन् हितंच बाकावर घोरला.

तात्याराव: आणि काल एका बाईंनी डब्यातून थालीपीठं आणली. सगळ्यांनी उभ्या उभ्या खाल्ली. माझ्या पांढऱ्या चादरींशेजारी. ते जाऊ दे. तुझ्या बापाचं काय?

स्पृहा: मी रोज जाऊन सांगते फळ्यावर काय आहे ते. मंगळवारी त्याने नुसतं ऐकलं. बुधवारी खिडकीशी गेला. खिडकीतून फळा दिसत नाही, तरी बघत होता. काल दार उघडलं आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसला. आमच्या जिन्याला छत्तीस पायऱ्या आहेत.

तात्याराव: तीन झाल्या. बरं आहे की.

स्पृहा: मग परत वर गेला. म्हणाला, मला आता वेलांटी कळत नाही, मी जाऊन काय करू. मी म्हटलं, पावतीवरच्या सात कळल्या की. तो म्हणाला, आठवी राहिली असेल. अजून एक तरी असेलच, आणि ती मला दिसली नाही.

समाधान: व्हती का आठवी?

तात्याराव: आठवी नव्हती. मी रात्रभर पावती घेऊन बसलो होतो. नव्हती. ही घे पावती परत, सांग त्याला.

स्पृहा: सांगितलं तर विश्वास नाही ठेवायचा. काका, तो आलाच नाही तर?

तात्याराव: घड्याळात किती वाजलेत?

स्पृहा: पावणेएक.

तात्याराव: मग हा प्रश्न पाच वाजता.

समाधान: तात्या, पर आज काय झालं ते सांगा की तिला. दुरुस्तीचं.

तात्याराव: आज मी घाईत होतो. ‘चेन दुरुस्ती व बटण दुरुस्ती करून मिळेल’ एवढं लिहिलं आणि चूक करायलाच विसरलो. सगळं शुद्ध. लोक आले आणि चूक शोधायला लागले. सापडेना. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. शब्दकोशवाल्या बाई घामाघूम. काठीवाले साहेब म्हणाले, हा आमचा अपमान आहे.

स्पृहा: मग?

तात्याराव: मग त्यांना राहवेना. मतदान घेतलं. आणि बहुमताने ‘दुरुस्ती’चा रु दीर्घ करून टाकला. दोन्ही ठिकाणी. टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले.

स्पृहा: म्हणजे बरोबर होतं ते चूक केलं?

तात्याराव: चूक केलं आणि खाली सह्या केल्या.

स्पृहा: आता हे मी बाबाला सांगू की नको?

तात्याराव: का?

स्पृहा: त्याला त्रास होईल.

तात्याराव: होऊ दे की. थोडासा त्रास माणसाला चालवतो. फार झाला की बसवतो. हा थोडासा आहे. घरी जा, हात धू, जेवताना सहज सांग. ‘दुरूस्ती’, रु मोठा. आणि मग पाणी पी.

*

तात्याराव: कोण पाहिजे?

बाबा: तात्याराव आपणच का?

तात्याराव: आज रविवार. लाँड्री अर्धा दिवस. काय काम आहे?

स्पृहा: काका, हा बाबा आहे.

तात्याराव: मला दिसतंय. वरती इस्त्रीचा शर्ट, खाली लेंगा. पावती आणलीत?

बाबा: आणलीय. ओळख पटवायला यावं, असं लिहिलं होतं आपण. अर्थात जे लिहिलं होतं त्याला लिहिणं म्हणता येईल तर.

तात्याराव: वेळ आठ ते नऊ. आता नऊ वाजून दहा मिनिटं झाली.

बाबा: मी छत्तीस पायऱ्या उतरून, दोन बोळ चालून आलोय.

तात्याराव: इथे सगळे चालतच येतात. गाडी बोळात शिरत नाही.

समाधान: तात्या, बास की आता. बसा सायेब, हे स्टूल घ्या. पानी आनू का?

बाबा: आधी खडू द्या. दोन दिवस तो शब्द माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीये. काल बावीस पायऱ्यांपर्यंत आलो आणि परत फिरलो. दुरुस्तीचीच दुरुस्ती चुकवली या लोकांनी. आणि सह्या केल्या. त्यात एक तर निवृत्त हेडमास्तर आहेत.

तात्याराव: खडू तिथे आहे. फळा शुक्रवारपासून तसाच ठेवलाय. पुसा आणि लिहा.

बाबा: ...आता बरोबर आहे. आहे ना? स्पृहा, तू बघ बरं.

स्पृहा: बरोबर आहे बाबा.

बाबा: तात्याराव, आपण बघा.

तात्याराव: मी काय बघणार, मी चाळीस वर्षं उशीर चुकीचा लिहिला. बसा. ती तुमची स्मरणिका मी मागवून वाचली.

बाबा: कुठून?

तात्याराव: काठीवाले साहेब त्या संस्थेचे सभासद आहेत. साडेतीनशे पानं वाचली. एक ते चार झोपलो नाही, हे लक्षात घ्या. आत एक चूक नाही.

बाबा: मुखपृष्ठावर आहे.

तात्याराव: ती सगळ्यांनी बघितली. साडेतीनशे पानं कोणी बघितली नाहीत. पांढऱ्या शर्टाचं असंच असतं. आम्ही दिवसाला साठ शर्ट धुतो. धुतलेलं कोणी बघत नाही, राहिलेला डाग दाखवायला लोक स्वारगेटहून येतात.

बाबा: मग आपण काय करता?

तात्याराव: पुन्हा धुतो. काही डाग जातात. काही नुसते फिके होतात. मग गिऱ्हाईक तोच शर्ट घालतं आणि कोपर दुमडून बसतं. चालतं. आता कामाचं बोलू. ही काळजी तुमचीच ना?

बाबा: म्हणजे काय?

तात्याराव: तुमची पोर घेऊन आली होती. माप बेचाळीस. तीन आठवडे तिच्या अंगात होती. खेळायला जात नाही, अभ्यास होत नाही, तुम्ही उठलात तर कळायला हवं म्हणून तुमच्यासमोर बसून राहते. तुम्हाला वाटलं असेल, पोर सुधारली.

बाबा: ...मला वाटलं, तिची चाचणी परीक्षा आहे, म्हणून घरात बसते.

स्पृहा: तीपण आहे.

तात्याराव: ओळख पटली की नाही, तेवढं सांगा.

बाबा: पटली. माझीच आहे.

तात्याराव: मग इथे सही करा. पूर्ण नाव. हं.

बाबा: घरी नेऊ का आता?

तात्याराव: अहो, इतक्यात तयार नाही. रोज येऊन विचारावं लागेल. आठ ते नऊ, उन्हात उभं राहून.

बाबा: रोज?

तात्याराव: रोज. झाली का, असं विचारायचं. नाही झाली म्हटलं की फळा बघायचा, चार माणसांशी भांडायचं, थालीपीठ असेल तर खायचं आणि घरी जायचं. आमची पद्धत अशीच आहे. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या आपल्या वेळेला घ्यायच्या, त्यात आम्ही पडत नाही.

बाबा: आणि किती दिवस लागतील?

तात्याराव: सांगता येत नाही. माल जुना आहे. मधे एखाद दिवस नाही जमलं, तर दुसऱ्या दिवशी यायचं. आम्ही ओरडू, पण दार बंद करणार नाही. एक ते चार सोडून.

समाधान: आन् सायेब, उद्यापास्नं जरा लवकर या. त्या लोकांना कुनीतरी जानकार पायजे. काल ‘पानी’ का ‘पाणी’ यावरनं दोघं हातघाईवर आलं, आन् मला ईचारलं. मी म्हनलो, मी पीतो, लिवत न्हाई.

बाबा: तुमचंही बरोबर आहे. तोंडात पानी बरोबर, कागदावर पाणी.

समाधान: बगा. एवढं कुनी सांगत न्हाई.

स्पृहा: काका, मग माझ्या पावतीचं काय?

तात्याराव: कसली पावती? मालक आला, सही झाली. तुझ्या नावावर आमच्याकडे काही नाही.

स्पृहा: काहीच नाही?

तात्याराव: पुस्तक बघ हवं तर.

स्पृहा: संध्याकाळी पाच वाजता ती आली तर?

तात्याराव: इकडचा पत्ता दे. ‘आता वडिलांकडे चौकशी करावी’ म्हणून सांग.

बाबा: मी असेन पाच वाजता. मी बोलेन तिच्याशी.

स्पृहा: नक्की?

बाबा: नक्की. दोन्ही वेलांट्या बघून सांगतो, नक्की.

स्पृहा: ‘नक्की’ला एकच वेलांटी आहे, बाबा.

बाबा: बघ. चुकलो.

समाधान: हसला की गडी.

स्पृहा: मग मी जाऊ?

बाबा: थांब जरा, पाणी पितो. मग दोघं बरोबरच जाऊ घरी... तात्याराव, हे ‘बटण’ तुम्ही लिहिलंय ते ठीक, पण वरच्या पाटीचं काय? मीटर बाजूला घेता येत नसेल तर पाटी तरी खाली घ्या. लोकांचा गैरसमज होतो.

तात्याराव: पाटी राहू द्या तशीच. आता सवय झाली. पोर कुठे गेली?

बाबा: इथेच होती. स्पृहा?

समाधान: ती बगा, बोळाच्या टोकाला. चपला हातात घिऊन पळतीय. ती पोरं लगोरी मांडून बसलीत ना देवळापुढं, तिकडं.

बाबा: मला न घेताच?

तात्याराव: रस्ता तुम्हाला माहीत आहे. आत्ताच आलात त्यावरून.

बाबा: समाधान, ती मागे वळून बघतेय का हो?

समाधान: थांबा, बगतो... न्हाई सायेब. एकदा बी न्हाई.